'सॉरेल बे'वरचं एक लॉकर

'सॉरेल बे' या जहाजाचा सरकारी इतिहास मी लिहिला. युद्ध संपलं, नोव्हेंबर १९४५ उजाडला आणि कॅप्टननं मला बोलावून सांगितलं, "ट्वेट, प्रत्येक जहाजानं आपापला इतिहास लिहून पाठवायचाय. सोमवारपर्यंत दे. विशेषणं नकोत." मी जहाजावरचा कारकून, विशेषणं मला कधी जमलीच नाहीत. चार पानं टाइप केली, एकही खाडाखोड नाही. जहाज कुठे बांधलं, पाण्यात केव्हा सोडलं, कुठल्या बेटावर किती विमानं पोचवली, कुठल्या ताफ्याच्या सोबतीला किती दिवस होतो, सगळं तारीखवार. तिसऱ्या पानावर एक ओळ होती: 'डिसेंबर १९४४, लुझॉन बेटाच्या पूर्वेला वादळ. दोन विमानं आणि एक खलाशी, एमेट हॅस्किन्स, समुद्रात गमावले.' कॅप्टननं सही केली आणि ती पानं वॉशिंग्टनला गेली.

आमचं जहाज म्हणजे काही पेपरात फोटो येणारं विमानवाहू जहाज नव्हतं. तसली मोठी जहाजं पुढे जायची, लढाया जिंकायची. आम्ही मागून जायचो, रसद नेणाऱ्या जहाजांच्या आजूबाजूला घिरट्या घालायचो, पाणबुड्या हुंगायचो. कोलंबिया नदीकाठच्या कारखान्यात तेव्हा दर आठवड्याला असलं एक जहाज पाण्यात सोडत होते. मालवाहू जहाजाचा सांगाडा, त्यावर लाकडी धावपट्टी, पोटात अठ्ठावीस विमानं आणि साडेआठशे माणसं. सांधे जोडणाऱ्या बायका सहा महिन्यांपूर्वी घरी धिरडी घालत होत्या. आम्ही जहाजाला डबा म्हणायचो. दुसऱ्या जहाजावरच्या कुणी म्हटलं, तर मात्र मारामारी व्हायची.

एमेट आणि ऑगी कोव्हाचिच धावपट्टीवर विमानं ढकलायचे. निळे सदरे घालून दिवसभर ढकलायची, फिरवायची, दोरानं बांधायची, सोडायची, परत बांधायची. ऑगी इथलाच, टकोमाजवळच्या गिग हार्बरचा, कोळ्याचा पोर. तोंडाचा पट्टा अखंड चालू. एमेट याकिमाकडच्या सफरचंदाच्या बागांतला, वीस वर्षांचा, मोजकं बोलणारा. बाप चर्चमधला मोठा कडक माणूस. आई तो सहा वर्षांचा असताना मेली, असं त्यानं आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. लॉकरच्या दाराला आतून ल्युएला नावाच्या मुलीचा फोटो. लग्न ठरलेलं.

"या थोबाडाला ही पोरगी हो म्हणाली?" ऑगी त्याला छळायचा. "डोळे तपासलेस का रे तिचे?"

"तुझा फोटो दाखवला तिला," एमेट म्हणायचा. "मग म्हणाली, तूच बरा."

त्या वादळात एक विमान आधीच समुद्रात गेलं होतं, मग दुसऱ्या एकाचे दोर तुटले. ते धावपट्टीवर मोकाट सुटलेल्या बैलासारखं इकडून तिकडे आदळायला लागलं. एमेट नवा दोर घेऊन गेला, दुसरं टोक ऑगीच्या हातात. जहाज कुशीवर कललं, इतकं कललं की मी खाली कचेरीत भिंतीवर उभा होतो. ते सावरलं तेव्हा विमान नव्हतं, एमेट नव्हता. ऑगीच्या हातात दोर होता आणि तळव्यांची सालटं निघालेली होती. त्या समुद्रात बोट सोडणं शक्यच नव्हतं. प्रेत नाही, तेव्हा दफनही नाही. धर्मगुरूंनी जेवणाच्या खोलीत चार ओळी वाचल्या, पोरं टेबलं धरून उभी राहिली.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. माणूस गेला की अधिकारी येऊन त्याच्या लॉकरमधल्या चीजवस्तूंची यादी करतो, कारकून ती टाइप करतो, आणि वस्तू घरी जातात. पण अधिकारी यायच्या आधी अर्धा तास गेलेल्याचे जवळचे दोघं लॉकर उघडतात. हे कुठल्या नियमात नाही, पण अधिकाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणून तो मुद्दाम उशिरा येतो. फासे, दारूची बाटली, नागड्या बायकांची चित्रं, कुठल्याशा बंदरातल्या पोरीची पत्रं, आईबापाला बघवणार नाही ते सगळं काढून टाकायचं. आम्ही त्याला लॉकर साफ करणं म्हणायचो. मेलेल्या दोस्ताची शेवटची चाकरी. ती चोख करणाऱ्याला मान असे.

एमेटचं लॉकर मी आणि ऑगीनं दिवस मावळताना साफ केलं. फासे नव्हते, बाटली नव्हती. मोज्यांच्या मागे दोरीनं बांधलेला पत्रांचा गठ्ठा निघाला. ल्युएलाची पत्रं तर वरच्या फळीवर उघड्यावर होती. या गठ्ठ्यातल्या प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव एकच: मिसेस व्हेस्टा लिंडग्रेन, पोर्टलंड.

"मिसेस!" ऑगीनं शीळ घातली. "बघ की. मौनीबुवा!"

त्याचे हात पट्ट्यांत गुंडाळलेले होते आणि तो एकाच वेळी हसत होता आणि रडत होता. मी पत्रं मोजली, मोजायची मला खोडच. अकरा. सगळी सुरीनं नीट कापून उघडलेली, तारखेनुसार लावलेली. आणि तळाशी बारावं पाकीट, एमेटच्या अक्षरातलं. वर त्याच बाईचं नाव. ते बंद केलेलं नव्हतं. आमची पत्रं अधिकारी आधी वाचायचा, म्हणून पाकीट उघडंच द्यावं लागे. यानं ते दिलंच नव्हतं. कोपरे मळलेले, म्हणजे बरेच दिवस पडून असावं.

"वाचायचं?" ऑगीनं विचारलं.

"छे! दुसऱ्याचं पत्र?" मी म्हणालो. "लाज आहे का काही?"

आम्ही सभ्य होतो ना! कागद बाहेर काढून दोन ओळी वाचल्या असत्या तर पुरे होतं. पण सभ्य माणसं दुसऱ्याचं पत्र वाचत नाहीत, समुद्रात टाकतात. जहाजावरचा कचरा दिवस मावळल्यावर एकदम टाकायचा असा हुकूम होता, आणि तो बुडला पाहिजे, तरंगता माग पाणबुडीला दिसता कामा नये. मी गठ्ठा एका डब्यात घातला, डब्याला भोकं पाडली, वर लोखंडाचा तुकडा ठेवला. डबा लगेच बुडाला. मग अधिकारी आला आणि मी यादी टाइप केली. पैशांचं पाकीट, बायबल, दाढीचं सामान, एका मुलीचा फोटो, तिची पत्रं, दोन पेन्सिली. खाली माझी आद्याक्षरं, एन. टी.

आणि मी ते विसरलो. खोटं कशाला बोलू? चांगलं काम केलं या समजुतीत माणूस लवकर विसरतो.

युद्धानंतर 'सॉरेल बे'नं शिपायांना घरी आणलं, मग तिला टकोमाच्या बंदरात बांधून ठेवलं. तसलीच दहाबारा जहाजं एकमेकांना खेटून राखाडी होत बसलेली. मीही टकोमातच राहिलो, लाकडाच्या गिरणीत कारकुनी केली. १९५९च्या वसंतात बातमी आली की जहाज भंगारात विकलं, जपानला ओढून नेणार. इथल्या पेपरवाल्यानं माझ्याकडून तो जुना इतिहास मागून घेतला आणि छापला. 'शूर जहाजाची अमर कहाणी' असा मथळा त्यानं पदरचा घातला. एमेटची ओळ मात्र छापली, आणि खाली माझं नाव.

गुरुवारी संध्याकाळी गिरणीतून आलो तर दारात एक बाई उभ्या. साठीच्या, उंच, डोक्यावर नीटस हॅट, हातात पर्स घट्ट धरलेली.

"तुम्ही नॉरिस ट्वेट? एन. टी.?"

"हो."

"मी पोर्टलंडहून बसनं आले. माझं नाव व्हेस्टा लिंडग्रेन."

नाव ऐकून मला क्षणभर काहीच आठवलं नाही. मग आठवलं, आणि मी मूर्खासारखा त्यांच्याकडे बघत राहिलो. एवढं वय! मनात पहिला विचार असा घाणेरडा आला, तो लिहितोय कारण तो आला.

त्यांना आत बसवलं, कॉफी दिली. त्यांनी पर्समधून तीन कागद काढून टेबलावर ठेवले. पेपरचं कात्रण. माझी टाइप केलेली यादी. आणि एक बंद पाकीट, एमेटच्या नावाचं, त्यावर तिरका शिक्का: 'मृत. पाठवणाऱ्यास परत.'

"हे माझं बारावं पत्र," बाई म्हणाल्या. "एमेट गेला हे मला या शिक्क्यानं कळलं. दुसरं कोण कळवणार? त्याच्या बापानं घरात माझं नाव घ्यायचीसुद्धा बंदी केली होती."

"तुम्ही..."

"मी त्याची आई."

मी म्हणालो, "त्याची आई तर तो सहा वर्षांचा असताना..."

"मेली. असं सांगायचा ना?" त्या जराही चिडल्या नाहीत. "सांगणारच. मी दुसऱ्या माणसाबरोबर निघून गेले. पोराला झोपलेलं सोडून. उठवलं असतं तर जाता आलं नसतं. नवरा मारायचा, पण ते मी आता सांगत नाही, त्यानं पोराचं काय भलं झालं? चौदा वर्षं गेली. मग कुणाकडून तरी त्याच्या जहाजाचा पत्ता मिळाला नि लिहायला लागले. अकरा पत्रं टाकली. उत्तर एक नाही."

मी कॉफीचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"गेल्या वर्षी त्याचा बाप वारला. नणंदेनं एमेटची पेटी मला दिली, तिच्यात ही यादी होती. त्या पोरीची पत्रं आहेत, पेन्सिलीसुद्धा लिहिल्यात. माझी पत्रं नाहीत." त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "म्हणजे त्यानं ती फेकली. वाचली तरी का, कोण जाणे. मला फक्त हे कुणीतरी तोंडानं सांगायला हवंय. पाहिलेल्या माणसानं. म्हणजे मग मी वाट बघणं सोडीन. तुम्ही पाहिलं होतं का?"

आता सांगायचं होतं. एवढं सोपं होतं. आणि मी, ज्यानं आयुष्यात न पाहिलेलं एक अक्षर टाइप केलं नाही, तो मी म्हणालो, "बाई, पंधरा वर्षं झाली. आठवावं लागेल. शनिवारी जहाज निघतंय, जुनी पोरं येतील. तुम्ही थांबाल का?"

"थांबेन," त्या म्हणाल्या. "मला घाई कसली?"

शनिवारी धक्क्यावर आम्ही चाळीसएक जण होतो. पोटं सुटलेली, केस उडालेले. ऑगी मासळीचा वास घेऊन आला आणि त्यानं माझ्या पाठीत गुद्दा घातला. "कारकुंड्या, पेपरात नाव काय छापून आणतोस!" मी त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरत गेला. तळव्यांवरचे जुने व्रण तो अंगठ्यानं चोळायला लागला.

"आई?" तो म्हणाला. "अरे देवा! त्याची आई?"

"मी आज सांगणार."

"गप बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगून तिला पत्रं मिळणारेत का? म्हणावं, आठवत नाही."

"तिला वाटतंय पोरानं फेकली."

"मग म्हण, पोरानं जपली होती, वादळात वाहून गेली. आम्ही फेकली हे कशाला?"

"कारण फेकली आपण, ऑगी."

"तू मोठा हरिश्चंद्र! आणि ते बारावं? तेही सांगणार? 'बाई, तुमच्या पोरानं उत्तर लिहिलं होतं नि आम्ही ते बुडवलं'? ती विचारील काय लिहिलं होतं. काय सांगशील? त्यात शिव्याही असतील. 'परत लिहू नकोस' असंही असेल. असं अर्धवट घेऊन ती घरी जाणार? अरे, त्यापेक्षा काही नसलेलं बरं."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तेवढ्यात दोन टग बोटींनी 'सॉरेल बे' ओढायला सुरुवात केली. तिच्यावर एकही माणूस नव्हता, धावपट्टीच्या फळ्यांत गवत उगवलं होतं. कुणीतरी सलाम ठोकला, मग सगळ्यांनी ठोकला. लिंडग्रेनबाई मागे एकट्या उभ्या होत्या. आम्ही जहाज बघत होतो आणि त्या आमची तोंडं बघत होत्या, एकेक करून, यातला कोण माझ्या पोराला ओळखत होता म्हणून. ते मला सहन झालं नाही.

ऑगीला मी बोलावलं नव्हतं, तरी तो मागून आला. बस थांब्यासमोरच्या खानावळीत आम्ही तिघं बसलो. मी सगळं सांगितलं. लॉकर, रीत, गठ्ठा, डबा, भोकं. ऑगी टेबलाकडे बघत होता. मध्येच तो एवढंच म्हणाला, "आम्हाला वाटलं, तुम्ही कुणी... तशा."

"तशीच होते मी," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "म्हणजे त्यानं फेकली नाहीत?"

"नाही."

"उघडली होती?"

"सगळी. सुरीनं कापून. तारखेनुसार लावली होती, दोरीनं बांधली होती."

त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. खांदे हलत होते, आवाज नव्हता. ऑगीनं खिशातून मळका रुमाल काढला, बघितला, परत ठेवला. मला वाटलं इथेच थांबावं. इथपर्यंत सगळं चांगलं होतं. पण मग मी एमेटच्या त्या बाराव्या पाकिटाचंही सांगितलं. का सांगितलं? खरेपणासाठी म्हणा, की माझ्या छातीवरचा धोंडा उतरावा म्हणून म्हणा. मला वाटतं, दुसरंच खरं.

कॉफीवर साय धरली.

"उत्तर," त्या म्हणाल्या. "माझ्या नावाचं."

"हो."

"वाचलं नाहीत."

"नाही."

"एक ओळसुद्धा?"

"नाही, बाई. पाकीट उघडं होतं. पण नाही वाचलं."

"चांगल्या घरची पोरं तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मग त्या पुढे झुकल्या. "एक सांगाल? जाड होतं का पातळ?"

"काय?"

"पाकीट. 'लिहू नकोस' म्हणायला एक चिठोरं पुरतं. जाड असेल तर... जाड असेल तर माणसाला पुष्कळ बोलायचं असतं ना? तुम्ही हातात धरलं होतंत."

ऑगीनं टेबलाखाली माझा पाय जोरात दाबला. बाई माझ्या हातांकडे बघत होत्या, जणू ते हातच सांगतील. मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. मळलेले कोपरे आठवले, अक्षर आठवलं, डब्याचा पत्रा आठवला. जाडी आठवेना. गठ्ठ्यातलं सगळ्यात खालचं पाकीट, वेगळं हातात धरलंच कुठे होतं?

"आठवत नाही," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या. हॅट सारखी केली, पर्स घेतली. "खरं सांगितलंत. आभारी आहे." आणि रस्ता ओलांडून बसच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

"गाढवा!" ऑगी माझ्यावर ओरडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "जाड होतं म्हणायला तुझं काय जात होतं? तुझ्या बापाचं काय जात होतं रे?"

काही जात नव्हतं. तो बोलला आणि मला ते लख्ख दिसलं. खरेपणाची ऐट मी त्या बाईच्या जिवावर केली होती. मी धावत रस्ता ओलांडला. त्या पायरीवर चढल्या होत्या, ड्रायव्हर दार लावायच्या बेतात होता.

"बाई! मिसेस लिंडग्रेन! आठवलं मला. जाड होतं! चांगलं जाड, चारपाच कागद तरी असतील!" मी बोटांनी दाखवलंसुद्धा.

त्या वळल्या. पायरीवरून वाकून त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला, लहान पोराच्या ठेवावा तसा. त्या चक्क हसत होत्या.

"नाही रे बाळा," त्या म्हणाल्या. "नाही आठवलं तुला."

ड्रायव्हरनं दार लावलं. त्या खिडकीजवळ बसल्या, पर्स मांडीवर घेऊन, समोर बघत. बस पोर्टलंडच्या रस्त्याला लागेपर्यंत मी बोटं तशीच धरून उभा होतो.